रुग्णसहायक (खानदेश)

रुग्णालयात परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णाची अंगसेवा करणारा कर्मचारी. अभ्यासक्रमाच्या कागदावर 'जनरल ड्युटी असिस्टंट', वॉर्डात मात्र मावशी किंवा मामा. दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्येचा (नर्सिंगचा) अभ्यासक्रम करणाऱ्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. रुग्णसहायकाची होत नाही, म्हणून इंजेक्शन देणे, सलाईन लावणे त्याच्या अधिकारात येत नाही.

प्रशिक्षण काही महिन्यांचे असते आणि प्रवेशाला बहुधा दहावी पुरते. हात धुण्याची रीत, ताप-नाडी-श्वास मोजणे, स्पंजिंग (ओल्या फडक्याने अंग पुसणे), बेडपॅन देणे, पाणी-लघवीचा हिशेब ठेवणे, रुग्णाला स्ट्रेचरवर घेणे, पिवळ्या-लाल पिशव्यांत कचरा वेगळा करणे हे त्यात येते. खरा कस लागतो तो अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी. साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, त्या वेळी माकडहाड, टाचा, खुबे पाहायचे. लाल झालेली जागा दाबूनही पांढुरकी होत नसेल, तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. लगेच सिस्टरला सांगायचे. तिथे पावडर लावून चोळण्याची जुनी सवय घातक आहे. चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते.

जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. वॉर्डात प्रमाण मराठी कमीच ऐकू येते. 'पोट दुखी ऱ्हायनं' म्हणणारी आजी अहिराणीत बोलते. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या रुग्णाची भाषा पावरी किंवा भिली असते. दुखणे कधीपासून, लघवी झाली का, गोळी खरेच गिळली का, हे डॉक्टरांपर्यंत पुष्कळदा त्याच भागातल्या मावशीच्या तोंडून पोहोचते. अभ्यासक्रमात या दुभाषेपणाला जागाच नाही, ही मोठी उणीव आहे.

सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात हातपाय, सांधे असह्य दुखतात, पण बाहेरून काही दिसत नाही. अशा रुग्णाला 'नाटक करतो' म्हणणे हा अन्याय आहे. त्याला ऊब द्यावी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी पाजत राहावे आणि वेदना वाढल्याचे तत्काळ कळवावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उष्माघाताचे रुग्ण येतात. कपडे सैल करणे, ओल्या चादरीवर पंखा धरणे, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे ही कामे सहायकाच्याच हातून होतात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालायचे नाही.

नोकरी खासगी दवाखान्यांत, ठेकेदारामार्फत, किंवा घरगुती रुग्णसेवेत मिळते. बरेच जण नाशिक, पुणे, सुरतला जातात. घरगुती कामाच्या पाळ्या बहुधा बारा तासांच्या. घरी जवळ सिस्टर नसते, म्हणून रुग्ण बिघडला तर कोणाला फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे पहिल्याच दिवशी घरच्यांकडून लिहून घ्यावे लागते.