शॉप शेड्यूलिंगची संवादी प्रणाली

कोणता जॉब कोणत्या मशीनवर, कितव्या क्रमाने आणि किती वाजता घ्यायचा हे ठरवणारी, आणि चालू कामात खोळंबा झाला की नियोजकाला हाताशी धरून वेळापत्रक दुरुस्त करणारी संगणक प्रणाली.

जॉब शॉपमध्ये, म्हणजे निरनिराळी कामे (जॉब) त्याच मशीनवर होणाऱ्या कारखान्यात, प्रत्येक जॉबची मशीनमधून जाण्याची वाट वेगळी असते. १० जॉब आणि १० मशीन एवढ्यावरच क्रमांच्या जुळण्यांची संख्या ६६ अंकी होते. त्यांतल्या बऱ्याचशा मुळात चालूच शकत नाहीत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच आकाराच्या एका प्रश्नात सगळे जॉब संपायला लागणारा किमान वेळ ९३० एककेच आहे, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडले. कारखाना तेवढा थांबत नाही. म्हणून येथे सर्वोत्तमापेक्षा लवकर मिळणारे, पाळता येणारे वेळापत्रक कामाचे.

बंधने दोन प्रकारची. ऑपरेशनचा (जॉबच्या एकेका टप्प्याचा) क्रम, एका मशीनवर एका वेळी एकच जॉब, जॉब पकडून ठेवणारे एकुलते एक फिक्स्चर ही पक्की. डिलिव्हरीची तारीख, ओव्हरटाइमची मर्यादा ही थोडी वाकवता येणारी. कोणते बंधन किती सैल करायचे हाच शोधाचा गाभा, ही मांडणी मार्क फॉक्स या संशोधकाच्या ‘आयसिस’ प्रणालीने १९८० च्या दशकात वेस्टिंगहाऊसच्या टर्बाइन-भागांच्या कारखान्यासाठी केली.

पडद्यावर गँट तक्ता असतो: आडव्या ओळी मशीनच्या, पट्ट्या ऑपरेशनच्या. समजा, ‘अ’ जॉब मिलिंगवर १० ते १२ आणि ग्राइंडिंगवर १२ ते २ आहे. त्यामागून ‘ब’चे ग्राइंडिंग २ ते ३. मिलिंग मशीन ११ वाजता बंद पडले, दुरुस्तीला २ तास. सगळे नुसते पुढे सरकवले तर ‘अ’ ४ वाजता आणि ‘ब’ ५ वाजता संपतो. पण ‘ब’ आधीच तयार असेल, तर नियोजक त्याची पट्टी ओढून १२ वर ठेवतो. प्रणाली बंधने तपासते आणि दोन्ही कामे ४ पर्यंत उरकतात. पट्टी चुकीच्या जागी गेली तर कोणते बंधन मोडले ते तिने नेमके सांगायला हवे. नुसता लाल रंग दाखवणारी प्रणाली फारशी उपयोगी नाही.

दर खोळंब्याला संपूर्ण वेळापत्रक नव्याने काढू नये. क्रम सतत बदलला की त्या-त्या जॉबसाठी मशीनवर लावलेली सेटिंग उतरवावी लागतात, आणलेला माल परत जातो, आणि शेवटी सुपरवायझर कागदाकडे पाहणेच सोडतो. हे टाळण्यासाठी पुढच्या काही तासांचा भाग कुलूपबंद ठेवून बाधित ऑपरेशनच हलवतात.

प्रणाली फसते ती बहुधा गणितात नव्हे, नोंदीत. सेटिंगचा वेळ सरासरीने भरलेला असतो, प्रत्यक्षात तो आधी कोणता जॉब चढला होता यावर ठरतो. संपलेले ऑपरेशन शिफ्ट सुटताना एकदमच नोंदवले, तर दिवसभर प्रणाली मोकळ्या मशीनला गुंतलेले समजते.

शिकण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झालेली ‘लेकिन’ ही प्रणाली सोयीची आहे: संगणकाने ठरावीक नियमाने काढलेले आणि हाताने ओढून बदललेले वेळापत्रक तिच्यात शेजारी ठेवून तपासता येते.