हाकेला ओ देणारा डबा

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि मी लातुरात वसमतच्या बहिणीला फोन लावत बसलो. लागेना. ज्याला त्याला त्याच वेळी आपलं माणूस गाठायचं होतं. दुपारपर्यंत तिचा आवाज ऐकला, पण तोवर मोबाईलवर निरोप फिरू लागले होते: ‘आज रात्री याहून मोठा येणार, घराबाहेर झोपा.’ संध्याकाळपर्यंत त्याच निरोपात नेमकी वेळ घुसली, मग तीव्रता घुसली, मग कुठल्या तरी संस्थेचं नावही चिकटलं. तारीख-वेळ देऊन भूकंप सांगता येईल अशी पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. ज्या मुलखानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी पाहिली, तिथं असले निरोप पुढं ढकलणं मला अक्षम्य वाटतं. निरोप वाटेत बिघडला की ते ओळखणारा एक डबा माझ्या रेडिओशेजारी आहे, त्याची ही गोष्ट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला. माझ्या रेडिओशेजारचा दिव्यादिव्यांचा डबा बघून म्हणाला, “मामा, हे डिजिटल आहे म्हणजे यात निरोप चुकतच नसेल ना?” हा समज फार जणांचा आहे. डिजिटल निरोपही वाटेत बिघडतो, चांगलाच बिघडतो. पण नीट रचलेला असेल, तर बिघडल्याचं ऐकणाऱ्याला कळतं आणि त्याला ‘परत सांग’ म्हणता येतं. भाच्याला त्या दिवशी जेवायच्या आधी एवढंच सांगता आलं. बाकीचं इथं लिहितो.

डब्याचं नाव मल्टिमोड डिजिटल कंट्रोलर. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, याला नुसतं कंट्रोलर म्हणतात. १९८० च्या दशकात हे डबे घरोघरच्या हॅम स्टेशनांवर आले. एईएचा पीके-२३२ आणि कँट्रॉनिक्सचा कॅम ही त्यातली गाजलेली नावं. एका बाजूनं सीरियल केबल संगणकाला जाते, दुसऱ्या बाजूनं तीन कामाच्या तारा रेडिओला: एक ऐकायची, एक बोलायची, आणि एक रेडिओला ‘आता प्रक्षेपण सुरू कर’ म्हणून सांगणारी. तुम्ही टाईप केलेल्या अक्षरांचे हा डबा दोन सूर करतो, एक जरा वरचा, एक जरा खालचा, आणि समोरून आलेल्या सुरांची पुन्हा अक्षरं करतो. मोर्स, रेडिओ टेलिटाईप, ॲमटॉर, पॅक्टर, पॅकेट, हवामानाचे फॅक्स नकाशे अशा निरोप पाठवायच्या सगळ्या पद्धती एकाच डब्यात, म्हणून मल्टिमोड. चालतो बारा व्होल्टवर. वीज गेली की मी तो इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडतो आणि काम चालू राहतं.

माझा डबा वापरलेला, हैदराबादच्या एका वयस्कर हॅमकडून आणलेला. घरी आणून चालू केला तर पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं. आतली छोटी बॅटरी संपली होती, त्यामुळे माझ्या संगणकाशी कोणत्या वेगानं बोलायचं हेच तो विसरला होता. दहा-बारा सेकंदांनी वाचता येईल अशी एक ओळ आली: तारा दाबा. मी ताऱ्याचं बटण दाबलं, त्यानं त्या एका खुणेवरून वेग ओळखला, आणि खाली आज्ञेची वाट बघणारी खूण येऊन थांबली. स्टेशनचं नावही पुसलं गेलं होतं, ते पुन्हा भरलं. बॅटरी बदलून डब्याचं झाकण लावताना मला किती आनंद झाला हे दुसरा कुणी हॅमच समजू शकेल.

आता मुद्द्याचं. रेडिओ टेलिटाईपमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे पाच खुणा, प्रत्येक खूण २२ मिलिसेकंदांची. पाच खुणांतून ३२ च जुळण्या होतात, मग अक्षरं आणि आकडे दोन्ही बसवायचे कसे? टाईपरायटरसारखी युक्ती: ‘आता आकडे’ अशी एक खूण पाठवायची, तिच्यापुढं त्याच जुळण्या आकडे म्हणून वाचायच्या. ही खूण वाटेत हरवली की घोळ होतो. ‘तुमचा सिग्नल ५९९’, म्हणजे उत्तम येतोय, असं समोरचा पाठवतो आणि माझ्या पडद्यावर इंग्रजी टी, ओ, ओ उमटतात, कारण टी आणि ५ ची जुळणी एकच, ओ आणि ९ ची एकच. जगभरचे टेलिटाईपवाले ‘टीओओ’ दिसलं की मनात ५९९ वाचतात. माणूस सावरून घेतो. पण औषधाचं नाव असेल किंवा जखमींचा आकडा असेल, तर सावरून घेऊन कसं चालेल?

ब्रिटिश हॅम पीटर मार्टिनेझ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस जहाजांवरची सिटॉर ही पद्धत हौशी रेडिओसाठी बसवली, तीच ॲमटॉर. इथं प्रत्येक अक्षर सात खुणांचं असतं आणि नियम असा, की सातांतल्या चार एका सुराच्या आणि तीन दुसऱ्या सुराच्या असल्याच पाहिजेत. अशा जुळण्या बरोबर ३५ होतात. त्यांतल्या ३२ जुन्या टेलिटाईपच्या, उरल्या तीन कारभारासाठी. वाटेत विजेचा कडकडाट झाला आणि एखादी खूण उलटली, तर चार-तीनचं पाच-दोन किंवा तीन-चार होतं. डबा मोजतो आणि त्याला तिथंच कळतं की हे अक्षर बिघडलेलं आहे. अर्थ कळायची गरजच नाही, नुसतं मोजायचं. काट्यावर धान्याचं पोतं ठेवलं की आत काय आहे हे न बघता वजनकाटा फरक दाखवतो, तसंच.

पण कळून उपयोग काय, सांगायला नको का? म्हणून ॲमटॉर एका दमात तीनच अक्षरं पाठवतो आणि थांबतो. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना आपण हेच करतो. दोन शब्द ओरडायचे, पलीकडून ‘ओ’ आली की पुढचे. नुसती बडबड वाऱ्यावर जाते.

याचं वेळापत्रक मला इतकं आवडतं की ते आकड्यांसकट सांगतो. एक खूण १० मिलिसेकंद, सात खुणांचं अक्षर ७०, तीन अक्षरं २१०. पूर्ण फेरी ४५० मिलिसेकंदांची, म्हणजे हाक मारून झाल्यावर ऐकायला २४० उरतात. पलीकडची ‘ओ’ एका अक्षराएवढी, ७० ची. ती वजा केली की राहिले १७०. आता रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते आणि पृथ्वीच्या पाठीवर कुणीही आपल्यापासून वीस हजार किलोमीटरहून फार लांब असू शकत नाही. जाऊन-येऊन चाळीस हजार, म्हणजे १३३ मिलिसेकंद. १७० तून १३३ गेले, ३७ उरले. तेवढ्यात दोन्हीकडच्या रेडिओंनी बोलायचं थांबवून ऐकायला आणि ऐकायचं थांबवून बोलायला लागायचं. ही पद्धत पृथ्वीच्या मापानं बेतून शिवलेली आहे! लातूरहून लंडनशी बोलायचं तर अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, लहरीला जाऊन-येऊन ५० च मिलिसेकंद. म्हणून ॲमटॉर चालू असला की खोलीत रातकिड्यासारखी चिर्र… चिर्र… अशी एकसारखी लय ऐकू येते.

आणखी एक खुबी आहे. ‘ओ’च वाटेत हरवली तर? मी समजणार की अक्षरं पोचली नाहीत आणि तीच पुन्हा पाठवणार. पलीकडच्याला ती पोचलेली असतील तर तो दोनदा लिहून घेणार. यावर उपाय म्हणून ‘ओ’ दोन प्रकारची ठेवली आहे, पहिली आणि दुसरी. सगळं बरोबर आलं की आलटून-पालटून द्यायची. बिघडलेलं आलं तर आधी दिलेली तीच पुन्हा द्यायची. आणि पाठवणाऱ्याला ‘ओ’ नीट ऐकूच आली नाही, तर तो नवी अक्षरं न पाठवता कारभाराच्या तिनांतलं एक खास अक्षर तीनदा पाठवतो: ‘तू काय म्हणालास?’ विचारणाऱ्यालाही परत विचारायची सोय.

तरी ॲमटॉर फसतो. त्याच अक्षरात एक खूण इकडची तिकडं आणि दुसरी तिकडची इकडं झाली, तर बेरीज पुन्हा चार-तीनच राहते आणि चुकीचं अक्षर सरळ आत येतं. १९९० च्या सुमारास जर्मन हॅमनी पॅक्टर बनवला तो हे भोक बुजवायला. त्यात निरोपाच्या प्रत्येक गठ्ठ्यामागं १६ बिटांची, म्हणजे १६ खुणांची, पडताळणी असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पॅक्टर बिघडलेली प्रत फेकून देत नाही. प्रत्येक खुणेच्या जागी सूर किती वर होता, किती खाली, याचं माप जपून ठेवतो आणि तोच गठ्ठा परत आला की दोन्ही मापांची बेरीज करतो. खरा सूर दर वेळी एकाच दिशेला असतो, म्हणून चार प्रतींत चौपट होतो. गोंगाट कधी वर कधी खाली, तो चार प्रतींत सरासरी दुपटीनंच वाढतो. चारही प्रती एकट्या वाचायला गेलं तर निकामी, पण मिळून स्वच्छ वाचता येतात. चाराचं वर्गमूळ दोन, हे गणित शाळेतलंच आहे.

ही युक्ती आज तुमच्या खिशात आहे. ४जी आणि ५जी फोन बिघडलेला गठ्ठा जपून ठेवून पुन्हा आलेल्या गठ्ठ्यात मिसळतात, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत. जहाजांना इशारे देणारी ५१८ किलोहर्ट्झवरची नॅव्हटेक्स सेवा सात खुणांचीच अक्षरं वापरते. तिथं ‘ओ’ द्यायची सोय नाही, म्हणून प्रत्येक अक्षर थोड्या अंतरानं दोनदा येतं.

मग लॅपटॉप असताना डबा कशाला, असं नवे हॅम विचारतात. टेलिटाईप, पीएसके-३१ आणि २०१७ पासूनचं एफटी-८ या निरोपाच्या पद्धती, हे सगळं लॅपटॉपच्या साउंड कार्डवर फुकटच्या सॉफ्टवेअरनं उत्तम होतं, तेवढ्यासाठी कुणी डबा घेऊ नये. पण त्या ३७ मिलिसेकंदांचा विचार करा. लॅपटॉप एकाच वेळी पन्नास कामं करतो, आवाज आत-बाहेर करताना मध्येच उशीर लावतो, आणि फेरी चुकते. डब्यातला जुना प्रोसेसर फार हळू आहे, पण दुसरं कामच करत नाही. घ्यायचाच असेल तर आधी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्या. इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आणि नियम एवढ्यावर ती निघते. या परवान्यावर गुप्त भाषेत निरोप पाठवता येत नाहीत, हेही आधीच ध्यानात असू द्या.

नांदेडच्या एका मित्राकडं असाच डबा आहे. आम्ही रात्री ७ मेगाहर्ट्झवर भेटतो. रोमन मोठ्या अक्षरांत मराठी लिहावी लागते, कारण सात खुणांत देवनागरी मावत नाही. गेल्या आठवड्यात बोलत असताना शेताच्या लाईनीला वीज आली. खांबावरच्या कुठल्या तरी तडकलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरमधून ठिणग्या उडत असाव्यात, रेडिओत खरखर सुरू झाली ती थांबेना. मित्राचा आवाज असता तर एक शब्द कळला नसता. डब्यावरचा चूक दाखवणारा दिवा लागत-विझत होता, चिर्र… चिर्र… चालू होतं, पडद्यावर काही येत नव्हतं. मग तीन अक्षरं आली, थोड्या वेळानं आणखी तीन. ‘जेवण झालं का’ एवढं यायला एरवी तीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्या रात्री दीड मिनिट लागलं, आणि एकही अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं.