विषाणुजन्य कर्करोग

शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या काही विषाणूंच्या संसर्गातून उद्भवणारे कर्करोग. लागण झालेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यातही लागण व रोग यांच्यामध्ये बहुधा अनेक वर्षे जातात.

या विषयाचा आरंभ सामान्यतः पेटन राउस यांच्या 1911 मधील प्रयोगापासून धरतात. कोंबडीच्या मांसार्बुदाचा (स्नायू, तंतू अशा ऊतींतील कर्करोगाच्या गाठीचा), पेशी व जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढलेला अर्क निरोगी कोंबडीला टोचल्यावर तिलाही अर्बुद झाले. मात्र एलेर्मान व बांग यांनी 1908 मध्येच कोंबड्यांतील रक्ताचा कर्करोग अशा अर्काने पसरवून दाखवला होता. तो विकार तेव्हा कर्करोगात गणला जात नव्हता, म्हणून ते मागे पडले. अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक. राउस यांना नोबेल मिळायला 1966 उजाडले. माणसातील पहिला असा विषाणू, एपस्टाइन-बार, 1964 मध्ये बर्किट लसिकार्बुद या लसिका-पेशींच्या कर्करोगाच्या पेशींत दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा ठपका 1970 च्या दशकात जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-2 या विषाणूवर होता. हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी तो चामखिळीच्या कुळातील एचपीव्हीवर (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) नेला आणि 1983–84 मध्ये त्याचे 16 व 18 हे प्रकार अर्बुदातून वेगळे केले.

एचपीव्हीची लागण बहुधा दोन वर्षांत आपोआप जाते. टिकली, तर कधी विषाणूचे वर्तुळाकार डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरते. तुटताना बहुधा विषाणूचे ई-2 जनुक निकामी होते. त्याच्याच ई-6 व ई-7 या जनुकांना लगाम घालणारे तेच असल्याने दोन्ही मोकाट सुटतात. ई-6 मुळे पी-53 हे राखणदार प्रथिन नष्ट होते, ई-7 पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला बांधते. बिघडलेली पेशी मग ना थांबते, ना मरते.

कावीळ-बचा (हिपॅटायटिस-बी) विषाणूही गुणसूत्रात शिरतो, त्यामुळे यकृत आक्रसण्याआधीही (सिरोसिसआधीही) कर्करोग होऊ शकतो. कावीळ-सीचा (हिपॅटायटिस-सी) विषाणू शिरत नाही. तेथे दीर्घ दाह व यकृत आक्रसणे हाच मुख्य मार्ग.

सातारा-सांगलीत मिश्री-तंबाखूची सवय जुनी. तोंडाच्या कर्करोगात इकडे तिचाच वाटा मोठा, एचपीव्हीचा थोडा. गर्भाशयमुखाची तपासणी 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांची, दर पाच वर्षांनी. आम्लतपासणीसाठी 5 मिलि तीव्र (ग्लेशियल) ॲसेटिक आम्ल 95 मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात घालून द्रावण करतात. न विरवता लावल्यास भाजते. त्यात भिजवलेला बोळा गर्भाशयमुखाला लावून पूर्ण एक मिनिट थांबावे. संधिरेषेला (गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या आवरणपेशी मिळतात त्या रेषेला) चिकटून जाड, ठळक कडेचा पांढरा डाग उठला तर तपासणी सकारात्मक. फिकट, विखुरलेला पांढरेपणा बहुधा दाहाचा. पाळी गेल्यावर संधिरेषा आत सरकते, तेव्हा ‘काही दिसले नाही’ यावर विसंबू नये. धाराशिव जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांच्या चाचणीत (निष्कर्ष 2009) एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आम्लतपासणीने लक्षणीय घटले नाहीत. एचपीव्ही तपासणीकडे कल असावा हे उघड आहे. कराड-वाळव्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांतील स्त्रिया पट्टा पडला (गळीत हंगाम संपला) की गावी परततात आणि पुढचा पाठपुरावा तुटतो. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईचीही तपासणी त्याच भेटीत उरकावी.

कावीळ-बच्या लसीची पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांत द्यावी. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. गोठली की वाया जाते. एचपीव्ही लस 9 ते 14 वर्षे वयात, म्हणजे लागण होण्याआधी, सर्वांत उपयोगी. झालेली लागण ती घालवत नाही.

रक्तपेशींचा कर्करोग घडवणारा एचटीएलव्ही-1, कापोसी मांसार्बुदाचा हर्पिस विषाणू (शोध 1994) व त्वचेतील मर्केल पेशींच्या कर्करोगाचा पॉलिओमा विषाणू (शोध 2008) हे याच गटातले.