दहा नंबरवरची तोंडओळख

मागे एकदा सलग आठ महिने मी लोकलने ऑफिसला गेले नाही. आमच्या गल्लीत राहणारे एक सहकारी गाडीने महाप्याला जायचे. त्यांनी आपणहून विचारलं आणि मी हो म्हटलं. नौपाड्यातून निघायचं, कळव्याचा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता धरून थेट ऑफिसच्या दारात. स्टेशनचा पूल चढायला नको, घणसोलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायला नको. रोजची वीसेक मिनिटं वाचत होती. तरी दोन-तीन महिन्यांनी मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. घर तेच, मैत्रिणी त्याच, काम तेच. काय कमी झालंय ते मात्र सापडेना.

त्यांची बदली झाली आणि मी परत लोकल पकडायला गेले. ठाण्याला दहा नंबरवर, महिलांचा डबा येतो त्या खांबापाशी, निळ्या पिशवीवाल्या बाई नेहमीसारख्या उभ्या होत्या. चार वर्षं मी त्यांना रोज बघत आले होते आणि एका शब्दानं आम्ही बोललो नव्हतो. मला बघून त्या सरळ म्हणाल्या, "अहो, होतात कुठे इतके दिवस? बरं नव्हतं का?"

आठ महिने काय कमी पडत होतं, ते मला तिथे, त्या खांबापाशी समजलं.

या नात्याला मराठीत फार नेमका शब्द आहे, तोंडओळख. नाव-गाव माहीत नाही, पण चेहरा पाठ आहे. शास्त्रज्ञांचं लक्ष या नात्याकडे बऱ्याच उशिरा गेलं. १९७२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी अशा माणसाला 'ओळखीचा अनोळखी' म्हटलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपनगरी स्टेशनच्या फलाटावर सकाळी गाडीची वाट बघणाऱ्यांचे फोटो काढले, फोटोतल्या प्रत्येक माणसाला क्रमांक दिला आणि नंतर तेच फोटो त्याच फलाटावर वाटून विचारलं, यातलं कोण तुमच्या ओळखीचं आहे? उत्तर देणाऱ्यांपैकी ८९.५ टक्के लोकांनी निदान एक तरी 'ओळखीचा अनोळखी' दाखवला. ज्यांना नुसतं चेहऱ्याने ओळखतो अशी माणसं सरासरी चार निघाली. ज्यांच्याशी कधी बोलणं झालंय अशी सरासरी दीड.

मिलग्रम यांचं मला सर्वात पटलेलं निरीक्षण वेगळंच आहे. ते म्हणतात, हे गप्प राहणं म्हणजे नात्याचा अभाव समजू नका; एकमेकांना त्रास द्यायचा नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं ते एक खरं नातंच आहे. शहरात दिवसभरात इतके चेहरे समोर येतात की प्रत्येकाशी बोलत बसलो तर डोकं चालणार नाही, म्हणून मन हा मधला मार्ग काढतं. जितकी वर्षं गप्प राहण्यात जातात, तितकं पहिलं वाक्य अवघड होतं. काहीतरी वेगळं घडावं लागतं. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या दोन बायकांची हकीकत सांगितली आहे. १७ वर्षं एकमेकींना नुसतं बघत आलेल्या. एक दिवस त्यातली एक रस्त्यात कोसळली, तेव्हा दुसरी धावली आणि थेट रुग्णालयापर्यंत तिच्याबरोबर गेली.

लोकलने जाणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. डब्यात कुणाला घेरी आली की क्षणात सीट रिकामी होते, तीन-चार बाटल्या पुढे येतात, कुणीतरी पर्समधून लिमलेटची गोळी काढतं. त्या बायका एकमेकींना नावाने ओळखत नसतात. पण गेली कित्येक वर्षं एकमेकींना बघत असतात.

नुसतं बघून काय होतं? पिट्सबर्गच्या दोन संशोधकांनी, मोरलँड आणि बीच यांनी, १९९२ मध्ये एक साधा आणि सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्याच चार तरुणी त्यांनी एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून पाठवल्या. एक सत्रभरात १५ वेळा जाऊन बसली, एक १० वेळा, एक ५ वेळा आणि एक कधीच गेली नाही. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा दिसली होती ती लोकांना जास्त आवडली. वारंवार समोर येणारी आणि त्रास न देणारी गोष्ट मेंदू हळूहळू 'सुरक्षित'च्या खात्यात टाकतो. आपल्याला पत्ताही न लागता आपलेपणा साठत जातो.

मोटारीत बसलं की ही साठवण थांबते. बाहेर माणसं असतातच, पण ती दिसतात मोटारी म्हणून, हॉर्न म्हणून, मध्येच घुसणारा टेम्पो म्हणून. विटाव्याच्या सिग्नलला रोज शेजारी थांबणाऱ्या माणसाचा चेहरा मला आठ महिन्यांत एकदाही पाठ झाला नाही.

आणि बोलण्याचं काय? शिकागोच्या निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये तिथल्या लोकल प्रवाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. काहींना सांगितलं, रोज करता तेच करा. प्रवास सर्वात छान झाला तो बोललेल्यांचा. आधी अंदाज विचारला तर लोक अगदी उलटं सांगत होते, की गप्प बसणंच बरं वाटेल. आपल्याला बोलायला आवडत असतं. समोरच्याला आवडणार नाही अशी आपली समजूत असते. आणि डब्यात प्रत्येकाची तीच समजूत असली की सगळा डबा मोबाइलमध्ये मान घालून बसतो.

ठाणे-वाशी-पनवेलच्या महिला डब्यात या कोंडीवर एक जुना तोडगा आहे. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "तुम्ही कुठे?" ती म्हणते, "रबाळे." की ती सीट ठरली. मग मागून आलेली विचारते, तर बसलेली बाईच सांगते, "माझी यांना दिलीय, त्या समोरच्यांना विचारा, त्या कोपरखैरणे आहेत." अर्ध्या मिनिटात चार अनोळखी बायकांत बोलणं झालेलं असतं, आणि त्यासाठी धीर गोळा करावा लागलेला नसतो. पुढे याच सीटच्या व्यवहारातून ग्रुप होतात, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डबा सजतो, एखादीचं डोहाळजेवण होतं.

अशा कच्च्या ओळखींचं मोल समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये नोकऱ्यांच्या उदाहरणाने मांडलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी ज्याच्याकडून खबर मिळाली त्याला वारंवार भेटणारे होते १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. जिवलग माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. नवी खबर बाहेरच्या वर्तुळातून येते. पण मला या आकड्यांपेक्षा सँडस्ट्रॉम आणि डन यांचं २०१४ चं काम जवळचं वाटतं. त्यांनी लोकांना दिवसभरातल्या लहानसहान बोलण्यांची मोजदाद ठेवायला लावली. ज्या दिवशी तोंडओळखीच्या माणसांशी एरवीपेक्षा जास्त वेळा बोलणं झालं, त्या दिवशी लोक जास्त आनंदी होते. स्टेशनबाहेरचा फुलवाला, रांगेतला रिक्षावाला, खांबापाशी उभ्या असलेल्या बाई, हे सगळे त्या मोजदादीत येतात.

आता एकांताबद्दल, कारण गाडी घेण्याचं एक कारण लोक हेच सांगतात: "निदान तेवढा वेळ तरी माझा असतो."

एकांत आणि एकटेपणा हे दोन शब्द आपण सहसा अदलाबदल करून वापरत नाही, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. एकटेपणा म्हणजे हवी तेवढी माणसं नसल्याची कळ. ती भुकेसारखी आहे, शरीराने दिलेली सूचना आहे, असं जॉन कॅचोपो यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलं. ही कळ साधी नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात, ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्के जास्त निघाली. एकांत मात्र आपण मागून घेतलेला असतो. न्युएन, रायन आणि डेसी यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पंधरा मिनिटं नुसतं एकटं बसल्याने भावनांची उकळी खाली बसते. चिडचिड उतरते, अति उत्साहही उतरतो. आपल्या इच्छेने एकटं बसलेल्याला त्याचा फायदा जास्त मिळतो.

गाडी चालवणारा एकटा असतो, पण त्याला ही पंधरा मिनिटं मिळत नाहीत. हात, पाय, डोळे, सगळं रस्त्यावर लागलेलं. माझ्या सहकाऱ्यांचे खांदे दिघ्याच्या पुढे गेल्यावरच खाली यायचे, हे मी रोज बाजूला बसून बघत होते. न्यूयॉर्ककडे कामाला जाणाऱ्यांची तुलना करून वेनर आणि एव्हान्स यांनी २०११ मध्ये हेच मांडलं: गाडीने जाणाऱ्यांवर ताण जास्त, कारण मेहनत जास्त आणि आज किती वेळ लागेल याचा भरवसा कमी.

लोकलमधल्या एकांतालाही अट आहे. याच दोघांनी २००७ मध्ये तिथल्या रेल्वे प्रवाशांची लाळ तपासून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. आख्खा डबा किती भरलाय याचा त्याच्याशी फारसा संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो आपल्या बाकावर, अगदी शेजारी, किती दाटी आहे याच्याशी. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणारी बाई आली की आपण कपाळाला आठ्या घालून सरकतो, त्या आठ्यांचं कारण हे आहे. खिडकीत जागा मिळाली तर भरगच्च डब्यातही खाडीचा पूल आणि डावीकडचा पारसिकचा डोंगर आपल्या एकटीचा असतो. दारात लोंबकळणाऱ्याला हे सांगणं बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. इतकी गर्दी सोसायला लागणं हा अन्यायच आहे आणि तो जास्त गाड्या, जास्त डबे यांनीच दूर होणार आहे.

आणखी एक ओझं आहे, रात्रीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ७.५ टक्के घरांकडेच मोटार होती. बहुतेक घरं बिनगाडीची, तरी घोडबंदरच्या नव्या संकुलातली किंवा उलव्यातली आमंत्रणं गाडी असल्याचं गृहीत धरूनच येतात. साडेनऊला केक, अकराला जेवण. मी दहाला उठते, कारण पुढे रिक्षा मिळेल की नाही ही धास्ती. माझ्या तोंडओळखी भरपूर आहेत आणि जिवलग मैत्रिणींच्या भेटी कमी झाल्यात, दोन्ही खरं आहे. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

आईचं तर याहून कठीण. तिला बहात्तरावं चालू आहे, गुडघे दुखतात, स्टेशनचा पूल तिला हिमालय वाटतो. कोपरीत राहणारी तिची बहीण रुळांच्या पलीकडे आहे, तरी महिना-महिना भेट होत नाही. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांना बसचा मोफत पास मिळतो. तिथल्या आकडेवारीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पासामुळे बसने फिरणं वाढलं आणि त्याबरोबर उदासीची लक्षणं कमी झाली. आपल्याकडे २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे, ती गावाला जायला कामी येते. बहिणीकडे जायला मात्र चढता येईल अशी पायरी आणि वेळेवर येणारी शहरातली बस लागते.

तरी आई एकटी पडलेली नाही, आणि त्याचं श्रेय मी आमच्या जिन्याला देते. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी १९५० मध्ये एका अमेरिकन विद्यापीठाच्या वसाहतीतल्या मैत्री मोजल्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री जमली होती, कारण येता-जाता माणसं त्यांच्या दारावरून जात होती. आमचं घर पहिल्या मजल्यावर, जिन्यालगत. आई दार उघडं ठेवून भाजी निवडत बसते आणि वर जाणारा प्रत्येकजण दोन शब्द टाकून जातो. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट घरापासून थेट पार्किंगमध्ये उतरते आणि गाडी तिथूनच बाहेर पडते. दारावरून कुणी जातच नाही.

निळ्या पिशवीवाल्या बाई तुर्भ्याला उतरतात, एवढं मला आता माहीत आहे. नाव अजून विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्या लागोपाठ तीन दिवस दिसल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, तेव्हा या वेळी मी विचारलं, "काय हो, बरं आहे ना सगळं?"

"नातीचं बारसं होतं," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढून त्यांनी माझ्या तळहातावर घुगऱ्या ठेवल्या. गाडी येत होती.