न जन्मलेल्या ताऱ्यांचा हिशोब

१९७०च्या दशकात क्ष-किरण टिपणाऱ्या 'उहुरू' उपग्रहामुळे दीर्घिकासमूहांविषयी एक गोष्ट कळली. दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो आणि तो सतत क्ष-किरण सोडतो. म्हणजे तो ऊर्जा गमावतो. मग तो निवला पाहिजे, मध्यभागी साचला पाहिजे आणि त्यातून तारे घडले पाहिजेत. ययाती तारकासमूहाच्या दिशेला सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकासमूहात तर या गणितानुसार दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू निवायला हवा होता. नवे तारे मात्र त्या मानाने फारच थोडे दिसत. पुढे २००१च्या सुमारास 'एक्सएमएम-न्यूटन' या क्ष-किरण दुर्बिणीच्या वर्णपटांत निवलेल्या वायूच्या अपेक्षित खुणाही सापडेनात. वायू तेवढा निवतच नव्हता. कुणीतरी त्याला तापवत होतं.

संशयित मध्यभागीच बसला होता. १९९३मध्ये 'रोसॅट' या क्ष-किरण उपग्रहाच्या चित्रांत एनजीसी १२७५ या मधल्या दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना वायूत पोकळ्या दिसल्या होत्या. तिच्या कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोतांनी ते बुडबुडे फुगवले होते. २००३मध्ये 'चंद्रा' दुर्बिणीला (हो, आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची) बाहेर पसरणाऱ्या लाटा दिसल्या. वायूतल्या दाबाच्या लाटा म्हणजे ध्वनीच. सूर मात्र मध्य सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली!

झोतांची ही उष्णता सगळीकडे नेमकी पोहोचते कशी, यावर वाद आहे. जपानच्या 'हितोमी' या क्ष-किरण उपग्रहाने २०१६मध्ये बंद पडण्याआधी या वायूच्या खळबळीचा वेग मोजला. तो सेकंदाला जेमतेम १६४ किलोमीटर भरला, म्हणजे अपेक्षेपेक्षा वायू बराच शांत निघाला. मग उष्णता पसरते कशी? मला तरी हे सगळ्यात मोठं कोडं वाटतं.

या कहाणीत नारायणगावजवळच्या खोडदचाही वाटा आहे. भुजंगधारीतल्या दीर्घिकासमूहात 'चंद्रा'ला वायूची एक विचित्र वक्र कड दिसली होती. ती कृष्णविवराच्या स्फोटाने कोरलेल्या पोकळीची भिंत असावी का, असा प्रश्न होता; पण तेवढी पोकळी कोरायला लागणारी ऊर्जा इतकी प्रचंड होती, की २०१६मध्ये संशोधकांनी ही शक्यता जवळपास बाजूलाच ठेवली. २०२०मध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा रेडिओ लहरी सोडणारा ढग त्या कडेला अगदी चिकटून असलेला आढळला. स्फोट खरा होता. आता तिथले झोत बंद दिसतात, बहुधा समूहातला सर्वांत थंड, दाट वायू मधल्या दीर्घिकेपासून सरकल्यामुळे कृष्णविवराला इंधन मिळेनासं झालं असावं.