नॅनोकणांची बाटली पीबीएसमध्ये ओतण्यापूर्वी: हिरड्यांच्या आजारावर संशोधन करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सेरियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे नॅनोकण आमच्याकडून घेणारे बरेच ग्राहक पायोरियावर, म्हणजेच पेरिओडॉन्टायटिसवर, काम करतात. त्यांच्याकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. बाटलीत दुधाळ आणि एकजीव दिसणारे डिस्पर्शन (द्रवात विखुरलेल्या कणांचे मिश्रण) परीक्षानळीत गेल्यावर थोड्याच वेळात फुटते, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि माल बदलून देण्याची मागणी होते. चौकशी केली की बहुतेक वेळा असे निघते की माल ठीक होता, पण तो थेट पीबीएसमध्ये (प्रयोगशाळेतील फॉस्फेटयुक्त क्षारद्रवात), सलाइनमध्ये किंवा जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात विरल केला गेला होता. यात ग्राहकांचे काही आठवड्यांचे काम वाया जाते, म्हणून हा एक मुद्दा येथे सविस्तर मांडत आहोत.

शुद्ध पाण्यात झिंक ऑक्साइडच्या कणांवर धन विद्युतभार असतो. हा भार शून्यावर येतो तो सामू ९ ते १० च्या आसपास. समान भारामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात, मात्र या प्रतिकर्षणाचा पल्ला पाण्यातील क्षारांवर अवलंबून असतो. लिटरमागे १ मिलिमोल मीठ असलेल्या पाण्यात तो सुमारे १० नॅनोमीटर असतो, तर पीबीएससारख्या, सुमारे १५० मिलिमोल क्षार असलेल्या द्रवात तो १ नॅनोमीटरच्याही खाली येतो. इतक्या जवळ आलेले कण मग आपसांतील आकर्षणाने चिकटतात आणि त्यांचे पुंजके खाली बसतात. पुंजके झाल्यानंतर सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारे यंत्र) लावल्यास ते तात्पुरते सुटतात, पण द्रव तोच राहिल्याने पुन्हा जमतात.

पीबीएसमधील दुसरा घटक, म्हणजे फॉस्फेट, याहून त्रासदायक आहे, कारण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम झिंक ऑक्साइड घेतले तर त्यात लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल झिंक असते, आणि नेहमीच्या पीबीएसमध्ये फॉस्फेट असते सुमारे १० मिलिमोल. म्हणजे नमुन्यातील सगळ्या झिंकचे न विरघळणाऱ्या झिंक फॉस्फेटमध्ये रूपांतर होण्यास पुरून उरेल इतके फॉस्फेट तेथे हजर असते. सकाळी तयार करून दुपारी वापरलेल्या अशा नमुन्यात झिंक ऑक्साइड किती उरले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, मुक्त झिंक आयनांचे प्रमाण घटलेले असते, आणि तरीही निकालाच्या तक्त्यात ‘झिंक ऑक्साइड, १०० मायक्रोग्रॅम’ असेच लिहिले जाते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांच्या आजारातील जिवाणूवर परिणाम झाला नाही हा निष्कर्ष त्या कणांबद्दल काढला जातो, तो फॉस्फेटबद्दल असण्याचीच शक्यता अधिक असते.

म्हणून पहिले विरलीकरण नेहमी शुद्ध, क्षारविरहित पाण्यात करावे. त्या पाण्यात आधीच ०.०५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तद्रवातील प्रथिन) मिसळलेले असावे. प्रथिनाचा थर कणांवर बसला की पुढे माध्यमातील क्षारांचा मारा ते बऱ्यापैकी सहन करतात. हा क्रम आम्ही शोधलेला नाही. युरोपातील ‘नॅनोजेनोटॉक्स’ प्रकल्पाच्या कार्यपद्धतीत कोरडी पूड थोड्या इथेनॉलने ओली करून, याच प्रमाणातील अल्ब्युमिनच्या पाण्यात मिलिलिटरमागे २.५६ मिलिग्रॅम या संहतीला प्रोब सोनिकेटरने विखुरली जाते. २.५६ हा आकडा सोयीचाही आहे, कारण माध्यमात दहापट विरल केल्यावर २५६ मायक्रोग्रॅम मिळतात आणि तेथून १२८, ६४, ३२ अशी किमान रोधक संहतीची (जिवाणूंची वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण) नेहमीची उतरण सहज लागते. तयार डिस्पर्शन घेणाऱ्यांना इथेनॉलची गरज नाही, पण पाणी, अल्ब्युमिन आणि शेवटी माध्यम हा क्रम त्यांनाही तितकाच लागू आहे. माध्यमात मिसळल्यानंतर नमुना लगेच वापरावा, आणि अल्ब्युमिनमुळे कणांचा प्रभाव काहीसा कमी होऊ शकत असल्याने नियंत्रण नमुन्यातही तेवढेच अल्ब्युमिन ठेवावे.

यावर काही जाणकार ग्राहक एक रास्त आक्षेप घेतात. लाळेत क्षार आहेत आणि फॉस्फेटही आहे, हिरडीच्या खोबणीतील द्रव तर रक्तद्रवाशी मिळताजुळता असतो. मग जे तोंडात घडणारच आहे ते परीक्षानळीत टाळायचे कशासाठी? आमचे उत्तर असे की ते टाळू नये, पण मोजून घडू द्यावे. आधी सुटे कण काय करतात हे पाहावे, नंतर कृत्रिम लाळेत ठरावीक वेळ ठेवलेले कण काय करतात हे वेगळे तपासावे. दोन्ही गोष्टी नकळत एकत्र झाल्या की कोणता परिणाम कशाचा हे उलगडत नाही, आणि शोधनिबंधाच्या परीक्षकांचा पहिला प्रश्नही नेमका तोच असतो.

कोणते ऑक्साइड घ्यावे, हेही नेहमी विचारले जाते. ॲनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडला काम करण्यासाठी सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि रोगग्रस्त हिरडीचा ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल कप्पा अंधारा व कमी ऑक्सिजनचा असतो. प्रकाशाची सोय नसलेल्या प्रयोगासाठी ते मागवणाऱ्यांना आम्ही आधी फोन करतो, त्यात आमची विक्री कधीकधी हुकते. सेरियम ऑक्साइडकडे जंतुनाशक म्हणून पाहण्यापेक्षा दाह शमवणारे द्रव्य म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरते, कारण त्याच्या पृष्ठभागावरील सेरियम दोन भारावस्थांमध्ये अदलाबदल करत मुक्त मूलके निष्प्रभ करते. मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात हळूहळू हायड्रॉक्साइड बनते, म्हणून ते आम्ही फक्त पूड म्हणून देतो.

कण मिसळण्यासाठी कायटोसान या जैविक बहुवारिकाचे जेल करणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. कायटोसान विरघळवण्यासाठी घेतलेल्या ॲसिटिक आम्लात झिंक ऑक्साइड टाकले की तेही विरघळते आणि जेल छान पारदर्शक दिसते. हे पारदर्शक जेल म्हणजे झिंक ॲसिटेटचे जेल होय. निर्जंतुक करण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरल्यास पुंजके तिच्यात अडकतात आणि संहती नकळत घटते, त्यामुळे निर्जंतुक पाण्यात भरलेली बाटलीच मागवणे बरे. कणांमुळे द्रव आधीच गढूळ असल्याने वाढ झाली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. जिवंत जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रेझाझुरिन या रंगद्रव्याचा रंग ऑक्सिजनविरहित कक्षात आपोआपच उडतो, तेव्हा रक्त-अगारवर वसाहती मोजण्याचा जुना मार्गच येथे विश्वासाचा आहे.

आमच्या डिस्पर्शनमध्ये स्थिरक का नसतो, इतर पुरवठादारांचा माल सलाइनमध्येही टिकतो, असे आम्हाला ऐकवले जाते. तो टिकत असेल, पण त्यासाठी वापरली जाणारी काही पृष्ठसक्रिय द्रव्ये स्वतःच जिवाणू मारतात आणि श्रेय कणांना मिळते. आम्ही प्रत्येक बाटलीबरोबर तोच द्रव कणांविना वेगळ्या कुपीत देतो. ती कुपी अनेकजण न उघडता ठेवून देतात, पण उत्तम नियंत्रण नमुना तोच आहे. लेबलवरील आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून मोजलेला असतो, तर प्रकाश-विकिरणाच्या यंत्रात कणाभोवतीचा द्रवाचा थर आणि थोडेफार पुंजकेही मोजले जात असल्याने तेथे आकडा मोठा येतो, म्हणून आम्ही प्रत्येक बॅचचे दोन्ही अहवाल जोडतो. बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नये. एकदा गोठलेले डिस्पर्शन पूर्ववत होत नाही.

हा माल केवळ प्रयोगशाळेसाठी आहे. झिंक ऑक्साइड दंतवैद्यकातील सिमेंटमध्ये आणि हिरडीवरील पॅकमध्ये दीर्घकाळ वापरात असले, तरी तेवढ्यावरून नॅनोकण तोंडात वापरण्यास सुरक्षित ठरत नाहीत. त्यासाठी वैद्यकीय साधनांच्या जैविक सुरक्षिततेच्या आयएसओ १०९९३ या मानक मालिकेनुसार स्वतंत्र चाचण्या लागतात, आणि या आजाराच्या उपचाराचा पाया आजही दातांची व मुळांची यांत्रिक सफाई हाच आहे. रुग्णांवर वापरण्यासाठी केलेली मागणी आम्ही स्वीकारत नाही.

गाळ दिसल्यास बॅच क्रमांकासोबत तीन गोष्टी लिहून कळवाव्यात: कोणत्या द्रवात विरल केले, कोणत्या क्रमाने मिसळले आणि वापरापर्यंत किती वेळ गेला. त्याच बॅचचा राखून ठेवलेला नमुना आम्ही त्याच क्रमाने विरल करून पाहतो आणि दोष आमच्याकडे निघाल्यास बाटली बदलून देतो. आपले माध्यम नेहमीपेक्षा वेगळे असेल तर मागणीपूर्वीच त्याचा थोडा नमुना पाठवावा. कण त्यात किती वेळ सुटे राहतात याची तपासणी नियमित ग्राहकांना वेगळे शुल्क न घेता करून दिली जाते.