इन्व्हर्टरला फेज कुठला?

टेस्टर एका भोकात घातला, आतला निऑन मिणमिणला. दुसऱ्या भोकात घातला, तिथेही तेवढाच. ओळखीच्या एका सरबतवाल्याने गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर छोटा इन्व्हर्टर लावला होता, त्यावर मिक्सर फिरायचा. सोबतच्या वायरमनने तिथल्या तिथे निकाल दिला, "साहेब, माल डुप्लिकेट आहे." माल ठीकच होता. मल्टिमीटर लावला तर दोन भोकांमध्ये 230 व्होल्ट, आणि कुठल्याही भोकापासून इन्व्हर्टरच्या पत्र्यापर्यंत साधारण 115.

घरातल्या न्यूट्रलला न्यूट्रलपण मिळतं ते डीपीपाशी. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं एक टोक जमिनीत अर्थ केलेलं असतं, म्हणून ती तार जवळपास शून्यावर राहते आणि उरलेली ‘फेज’ ठरते. या छोट्या इन्व्हर्टरच्या दोन्ही तारांचं जमिनीशी काहीच नातं नव्हतं. आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर व्होल्टेज मधोमध वाटून घेत होते, इतकंच. अशा आउटपुटला तरंगतं आउटपुट म्हणतात. हे एकदा डोक्यात बसलं, की आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच, त्याच्यापुढे का गप्प बसते तेही कळतं.

आरसीसीबीचा हिशेब अगदी वाण्याच्या वहीसारखा. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेला तेवढाच करंट परत आला, तर दोघांची चुंबकं एकमेकांना खोडतात आणि कडं स्वस्थ असतं. थोडा करंट कुणाच्या अंगातून जमिनीत गेला की जमाखर्च जुळत नाही आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबीची मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. एवढी गळती झाली की 300 मिलिसेकंदांच्या आत तिने पुरवठा तोडायचा. शेजारच्या 6 अँपिअरच्या एमसीबीला हा आकडा दिसतही नाही, कारण तो तिच्या क्षमतेच्या दोनशेवा भाग आहे. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाची जबाबदारी तिच्यावर नाही. अमेरिकेत तर मर्यादा 4 ते 6 मिलिअँपिअरच. 1961 मध्ये बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी तिथलं हे उपकरण बनवलं. किती करंटला मुठीतली तार सोडता येत नाही, हे त्यांनी त्याआधी स्वयंसेवकांवर मोजलं होतं.

आता इन्व्हर्टरपुढे आरसीसीबी लावा आणि तिचं ‘टेस्ट’ बटण दाबा. खटका पडतो, आपण खूश. मग पिनेवाला टेस्टर सॉकेटमध्ये खोचा. हा फेज आणि अर्थ यांच्यात एक रेझिस्टर जोडून मुद्दाम गळती करतो. काहीच होत नाही. दोन्ही चाचण्या खऱ्याच आहेत, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे. बटण आरसीसीबीच्या आतच एका तारेतला थोडा करंट कड्याला वळसा घालून दुसरीत सोडतं. अर्थशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ते फक्त खटका जाम नाही ना, एवढंच सांगतं. पिनेवाल्या टेस्टरचा करंट मात्र जमिनीकडे निघतो आणि परतीचा रस्ताच नसल्याने निघता निघता थांबतो.

मग तरंगतं आउटपुट धोक्याचं का? पहिल्या बिघाडाला उलट ते बरंच. एका तारेला हात लागला तरी अंगातून नावापुरताच करंट जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये हीच युक्ती मुद्दाम वापरतात. घोळ होतो दुसऱ्या बिघाडाला. समजा मिक्सरच्या बॉडीला आतून एक तार टेकलीय आणि टेबलफॅनच्या जाळीला दुसरी. पहिला बिघाड कुणाला कळलाच नाही, कारण काही झालंच नव्हतं. आता एक हात मिक्सरवर, दुसरा जाळीवर. करंट एका तारेने येतो, छातीतून जातो, दुसऱ्या तारेने परततो. वहीत जमाखर्च चोख! आरसीसीबी त्याला पंखा समजते.

उपाय म्हणून काही वायरमन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा एक तुकडा कायमचा मारून देतात. घरच्या इन्व्हर्टरवर हा फारच वाईट प्रकार. लाइट असताना इन्व्हर्टर महावितरणचा पुरवठा तसाच पुढे सोडतो, आणि त्याचा न्यूट्रल डीपीपाशी आधीच अर्थ झालेला असतो. घरात दुसरं अर्थ केलं की परतीचा करंट दोन वाटांनी जातो, मागची आरसीसीबी सारखी पडते, आणि शेवटी वैतागून कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. त्यात बोर्डाला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर तो तुकडा फेजच थेट अर्थच्या तारेवर चढवतो. मोटारहोम आणि बोटींच्या चांगल्या इन्व्हर्टरमध्ये हे काम रिले, म्हणजे विजेने आपोआप हलणारा स्विच, करतो: बाहेरची वीज असताना न्यूट्रल-अर्थ जोड सुटलेली, बॅटरीवर गेल्यावर जोडलेली. लाइट गेली की येणाऱ्या आवाजात हाही एक ‘टक्’ असतो.

आपल्याकडे काय आहे ते पाहायचं असेल तर लाइट असताना आणि मेन स्विच पाडून, अशा दोन्ही वेळा मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजा. एखाददोन व्होल्ट आले तर जोड आहे. बॅटरीवर असताना शंभराच्या आसपास आले तर आउटपुट तरंगतंय. पिनेवाला टेस्टर त्यानंतर. आतली जोडणी मात्र इन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकाप्रमाणेच करून घ्यायची. आणि स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट काही आरसीसीबींना नीट वाचता येत नाही, तेही आधी विचारायचं.

सरबतवाल्याकडे एवढं सगळं समजावून झाल्यावर मिक्सरची वायर हातात घेतली. इन्व्हर्टरच्या सॉकेटला दोनच भोकं, म्हणून त्याने पिनेचा वरचा जाड पाय करवतीने कापून टाकला होता.